भिंतीवरचा उजेड

आमच्या घरात डोळ्यांचं औषध बल्बच्या दुकानातून आलं. बारामतीच्या डॉक्टरांनी आप्पांच्या डोळ्यांत थेंब टाकले, अंधाऱ्या खोलीत बसवून आत बॅटरी मारून बघितली आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं, की हे रातांधळेपण आहे, वाढतच जाणार, याला औषध नाही, दिवस मावळल्यावर यांच्या हातात गाडी देऊ नका. आईनं ते दवाखान्याच्या पायरीवरच आप्पांना जसंच्या तसं ऐकवलं. आप्पांनी टोपी काढून झटकली, परत घातली, आणि डोळ्यांत ते थेंब तसेच असताना जीप नेली ती थेट एमआयडीसीच्या रस्त्यावर, ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानापुढं. "साठचे बल्ब काढ, शंभरचे टाक," म्हणाले. आप्पांना बाहेर सगळे तात्या म्हणायचे; दुकानदार म्हणाला, तात्या, वायर गरम व्हईल, रिले बसवावा लागंल. "मग बसीव की." आई दुकानाच्या बाकड्यावर पदर आवळून बसून होती. संध्याकाळी भाकरी थापताना तिनं मला हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "डोळं गेलं माणसाचं, आन चष्मा घातला जीपला." मी तेव्हा अकरावीत होते. मला हसू आलं, तर तिनं पिठाच्या हातानं माझ्या गालावर एक ठेवून दिली.

धंदा आमचा वडापचा. बारामतीच्या स्टँडबाहेर जीप लावायची, शिटा भरायच्या, भवानीनगर, लासुर्णे, निमगाव करत इंदापूरला सोडायच्या आणि तसंच परत. शीट म्हणजे माणूस. वडापवाल्याला माणूस कधी दिसत नाही, शीटच दिसते, पोरगं मांडीवर असेल तर अर्धी. स्टँडवर दर घराला एकच नंबर असायचा आणि घरानं तो आपसात वाटून घ्यायचा. आमच्या नंबरावर दोन जिपा होत्या, एक आप्पांची, एक विलासकाकांची. काका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, भवानीनगरच्या अलीकडं आमच्याच वस्तीवर भिंतीला भिंत लावून राहायचे. आप्पा थोरले म्हणून सकाळची आणि संध्याकाळची खेप आप्पांची. काकांना दुपार. दुपारी उन्हात कोण मरायला इंदापूरला जातंय? संध्याकाळी मात्र एमआयडीसी सुटायची, कॉलेज सुटायचं, बाजार उरकून बायका पिशव्या घेऊन उभ्या असायच्या, टपावरसुद्धा माणसं चढायची. ती खेप गेली की वडापवाला संपलाच. आप्पांच्या डोळ्यांचं स्टँडवर कळलं असतं तर सगळ्यात आधी तीच गेली असती, आणि ती कुणाच्या दारात गेली असती हे आमच्या मांजरालाही ठाऊक होतं. म्हणून घरात ठरलं, की काही झालेलं नाही. बल्ब तेवढे बदललेत.

आणि आप्पांचं नाव तरी कशात होतं? फोकसमध्ये. स्टँडच्या मागं खताच्या गोदामाची लांबलचक पांढरी भिंत होती. बल्ब बदलला, किंवा पुढून कुठं ठोकर बसली, की वडापवाले जीप त्या भिंतीसमोर आणून लावायचे. उजेड भिंतीवर पाडायचा, खडूनं आडवी रेघ मारायची आणि दिव्याचे स्क्रू पिळून उजेड त्या रेघेच्या खाली आणायचा. वर राहिला तर समोरच्याच्या डोळ्यांत जातो, नाहीतर बाभळीच्या शेंड्यावरचे बगळे दाखवतो, रस्ता काही दाखवत नाही. ही रेघ मारायला सगळे आप्पांना बोलवायचे. त्यांच्या खिशात कायम खडू असायचा, आई धुणं धुताना तो विरघळायचा आणि त्यावरून आप्पा शिव्या खायचे. घेणं काही नाही, एक कटिंग चहा. त्या भिंतीपुढं रोज दिवेलागणीला जत्रा असायची. ह्याचा निळ्या काचेचा बल्ब, त्याचा पिवळा, कुणाचा शंभर-नव्वदचा, कुणी पुढं जास्तीचे दोन दिवे ठोकलेले. कुणाचा जास्त पडतो यावरून गचांड्या धरायची वेळ यायची. आप्पा सगळ्यांचं बघून घ्यायचे आणि मग निकाल द्यायचे. निळ्या काचेवर त्यांचा फार राग. "ही काच निम्मा उजेड सोताच खाती," म्हणायचे, "भितीवर झ्याक दिसतंय, रस्त्यावर जाऊन बघ, खड्डा का पाणी कळायचं न्हाय."

माझ्या मुलानं परवा गाडीला एलईडी बसवायचं काढलं. मोबाईलवर दोन फोटो दाखवले, एक आधीचा, एक नंतरचा, आणि म्हणाला, आई, तुझ्या बापाचा धंदा होता, सांग, बदलण्यात अर्थ आहे का? मी म्हटलं, फोटो भिंतीचा आहे, तू भिंतीवर गाडी घालणार आहेस का? आधी दिव्याच्या काचा पूस, त्या पिवळ्या पडल्यात. मग फोकस लावून घे. त्यावरही नाही दिसलं तर डोळे तपास. आणि त्यावरही बसवायचे असतील तर बसव, पण समोरनं येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या आयाबहिणी आधी ऐकून घे. त्यानं बसवलेच. आता इंदापूर रस्त्यावर सगळेच बसवतात, आणि सगळेच एकमेकांना आंधळं करत जातात. मला त्या रस्त्यानं रात्रीचं जायचं म्हटलं की कपाळ दुखतं.

आप्पांनी त्या वर्षात काय काय बदललं असेल. शंभरचे बल्ब लावल्यावर आठवडाभर खूश होते, "आता कसं लख्ख दिसतंय" म्हणायचे. मग परत बल्बच खराब निघाला. मग होल्डर वितळला, जिपेत जळकट वास भरला, तर चिनी मातीचे होल्डर बसवले. उष्णतेनं दिव्याच्या वाटीतली चांदी काळी पडली, तर नवीन वाट्या आणल्या. पिवळे धुक्याचे दिवे लावले, तेव्हा आमच्याकडं धुकं नव्हतं, उन्हाळा होता. समोरून येणारे ट्रकवाले काच खाली करून शिव्या घालायचे आणि आप्पा पण त्यांना तितक्याच मोठ्या घालायचे. प्रत्येक दिवा बसवल्यावर ते घराच्या अंगणातून गोठ्यावर उजेड पाडून बघायचे आणि मला विचारायचे, "पयल्यापरास वाढला का न्हाय?" वाढलेला असायचाच. गोठ्यातल्या म्हशी डोळे मिटून घ्यायच्या. मी व्हय म्हणायचे. मग ते जीप बंद करून घराकडं यायचे आणि ओट्याच्या पायरीला अडखळायचे, आणि आई आतून म्हणायची, "पायरीलाबी येक बल्ब बसवून घ्या."

आई गोड माणूस नव्हती. तिच्या जिभेला हाड नव्हतं आणि दया तर त्याहून नव्हती. पण त्या वर्षी ती रोज संध्याकाळच्या खेपेला आप्पांच्या शेजारी पुढच्या शिटावर बसून इंदापूरला जायची आणि यायची. घरचा स्वयंपाक दुपारीच करून ठेवायची, गार पिठलं आणि भाकरी, आणि शेंगदाण्याची चटणी इतकी तिखट की गारवा कळू नये. लोक म्हणायचे, बायको नवऱ्यावर पहारा द्यायला बसती. तिनं म्हणू दिलं. जिपेत ती बारामती सुटल्यापासून तोंड उघडायची ते इंदापूर येईपर्यंत मिटायची नाही, आणि ते भांडण म्हणजे आप्पांचा रस्ता होता. तिनं तिच्या माहेरचा विषय काढला की गाडी डावीकडं घ्यायची. सासरचा काढला की उजवीकडं. मेलेल्या सासूचं नाव म्हणजे पुढं गतिरोधक. नणंद म्हणजे रस्त्यात जनावर. "आयुष्यभर उसात राबवलं मला" असं म्हणाली, की पुढं बिनदिव्याची उसाची ट्रॉली आहे, आणि त्यापाठोपाठ सासर आलं, की ओव्हरटेक करायला वाट मोकळी आहे. "पुरं झालं आता" म्हणजे ब्रेक.

मी कॉलेजहून त्याच खेपेनं यायचे, मागं बायकांच्या मांड्यांवर अर्धी बसून. पुढून आईचा आवाज यायचा. "माझ्या माहेरात कुणी असं वागवलं न्हाय मला, न्हाय वागवलं माहेरात." जीप हळूच डावीकडं सरकायची आणि उजव्या बाजूनं बैलगाडी झपकन मागं जायची. "तुमची आई. तुमच्या आईनं पयल्या दिवशी काय केलं म्हायती हाय का?" आणि जीप हळू होऊन गतिरोधकावरून अलगद उतरायची. शिटांना मजा वाटायची. कळंबचे एक गुरुजी रोजचे होते, पुढं आईच्या पलीकडं बसायचे, ते मान मागं वळवून आम्हाला डोळा घालायचे, की आज वहिनी सासरवर लईच घसरल्यात. मी मात्र हसायचे नाही. एक तर त्या जिपेत एवढी माणसं कोंबलेली, त्यांच्या जिवाशी माझे आईबाप खेळत होते, हे मला कळत होतं. ते कुणालाही माफ करण्यासारखं नव्हतं आणि मी त्यांची मुलगी म्हणून आजही त्याला चांगलं नाव देणार नाही. आणि दुसरं असं, की आई जे बोलायची त्यातलं तिला काही बनवावं लागत नव्हतं. सासूनं पहिल्या दिवशी तिला उपाशी झोपवलं होतं ते खरं होतं. उसात राबवलं ते खरं होतं. आप्पांनी तिच्या भावाच्या लग्नाला तिला पाठवलं नाही, ते आमच्या वस्तीच्या अलीकडच्या वळणावर रोज निघायचं, कारण तिथं डावीकडं जोरात वळायला लागायचं. वर्षानुवर्षं गप्प राहिलेली बाई भरल्या गाडीत सगळं बोलून घेत होती आणि आप्पांना ते कान देऊन ऐकायलाच लागत होतं. न ऐकून सांगतात कुणाला. मला वाटतं, ते वर्ष तिचं फार सुखात गेलं.

पण भिंतीपुढं ती जिपेतून उतरायची नाही, तिथं बायका जात नसत. तिथं आप्पा एकटे असायचे आणि तिथं ते कानावर चालवायचे. शंभरच्या बल्बाला रिले लागतो, आणि रिलेचं असं आहे, की बटण दाबलं की तो बॉनेटखाली 'टक्' करतो. टक् झालं की दिवा लागला. मग आप्पा भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. समोर थेट लख्ख असेल तेवढं त्यांना दिसायचं, बाकीचं ते सवयीवर ओढायचे. हे विलासकाकांच्या कधी लक्षात आलं कोण जाणे. भिंतीला भिंत असल्यावर किती दिवस झाकणार.

उसाचा हंगाम सुरू झाला होता, दिवस लहान झाले होते. काकांनी पुण्याहून निळसर पांढरे दिवे आणून बसवले होते आणि जीप भिंतीसमोर लावली होती. शेजारी आमची जीप, त्याच तोंडानं उभी, आई पुढच्या शिटावर, मागं मी आणि निम्म्या शिटा भरलेल्या, बाकीच्या खाली उभ्या. सूर्य मावळून गेला होता आणि भिंत राखाडी झाली होती. काका म्हणाले, "दादा, जाताजाता माझा फोकस बघा की. आधी काचंत वाकून बघा, बल्ब सरळ बसलाय का." आप्पा वाकले, दिव्याच्या काचेला नाक लावल्यासारखं तोंड नेलं, आणि काकांनी आत हात घालून अप्पर लावला, म्हणजे लांबचा झोत. आप्पा मागं सरले आणि दोन्ही तळहातांनी डोळे चोळत राहिले. "लई तेज हाय रे," म्हणाले. चांगल्या डोळ्याच्या माणसालाही तो उजेड घटकाभर सोडत नाही. आप्पांना त्यानंतर हातभर अंतरावरचा माणूस दिसला नसता.

"आता तुमची लावू, ताडून बघू," काका म्हणाले आणि आमच्या जिपेकडं आले. "पाणी हाय का बघतो" म्हणून बॉनेट उचललं. बॉनेट उचललं की पुढच्या शिटावरून काही दिसत नाही, म्हणून आईला ते काय करतायत हे दिसलं नाही. मला बाजूच्या फटीतून दिसलं, पण कळलं नाही. त्यांनी दोन्ही दिव्यांच्या मागचे प्लग उपसले, समोरच्या ड्रायव्हरांकडं बघून तोंडावर बोट ठेवलं, बॉनेट खाली घेतलं, स्वतःची जीप बंद केली आणि येऊन आईच्या शेजारी आप्पांच्या जागेवर बसले. बटण दाबलं. रिले टक् झाला. भिंत होती तशीच राखाडी राहिली.

"ही बघा," आप्पा म्हणाले. ते भिंतीपुढं पाय फाकून उभे होते. "ह्याला म्हनत्यात उजेड. पांढरा न्हाय, पन रस्त्याला धरून. कड बघा कशी सुरीनं कापल्यागत हाय." त्यांनी खिशातून खडू काढला, डावा हात भिंतीवर टेकवत टेकवत पुढं गेले आणि रेघ मारली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी सरळ. "ह्या रेघंच्या वर काय गेलंय का, दाखवा मला कुणीबी." मग ड्रायव्हरांतला एक जण अगदी गंभीर तोंड करून म्हणाला, "तात्या, डावा दिवा जरा कमी वाटतोय काय?" आप्पा त्याच्या आवाजाकडं वळले. "डावा बराबर हाय. तूच तुझं डोळं तपासून घे." तेव्हा मात्र सगळी भिंत हसली. ड्रायव्हर हसले, खाली उभ्या राहिलेल्या शिटा हसल्या, आमचे कळंबचे गुरुजी चष्मा काढून पुसत हसले. आणि आप्पाही हसले. त्यांना वाटलं, त्यांनी त्या माणसाची जिरवली म्हणून सगळे हसतायत. खूश होऊन त्यांनी दुसरी रेघ मारायला घेतली.

आईच्या भांडणात रस्त्यावरच्या प्रत्येक गोष्टीला काही ना काही खूण होती. दिवा बंद आहे याला खूण नव्हती. तिनं एकदा तोंड उघडलं, "माझ्या माहेरात," एवढंच म्हणाली, आणि आप्पा भिंतीपुढं उभ्या उभ्या डावीकडं सरकले. लोक आणखी हसले. मग आई जिपेतून उतरली, पदर खोचला, सगळ्या बाप्यांच्या मधून भिंतीपाशी गेली आणि साध्या आवाजात म्हणाली, "लाईट बंद हाय तुमची. खडू टाका खाली आन चला." आप्पांचा हात रेघेवर तसाच राहिला. खडू त्यांनी टाकला नाही, खिशात ठेवला, आणि तो खिसा त्यांना बराच वेळ सापडत नव्हता.

काका म्हणाले, "वहिनी, येक दिवस माणसं मेली असती. मी काय चुकीचं केलं?" काही चुकीचं केलं नाही. तेच तर मला आजवर पचलेलं नाही. तो माणूस खरं बोलत होता, आणि ते घरात येऊन, कवाड लावून भावाला सांगता आलं असतं. पण मग भिंतीवर हसं झालं नसतं, आणि हसं झाल्याशिवाय थोरल्याची खेप धाकट्याकडं येत नाही. काका वारले तेव्हा मी मातीला गेले नाही. लोक काय म्हणाले ते मला माहीत आहे, म्हणोत बापडे.

त्या संध्याकाळी शिटा काकांच्या जिपेत जाऊन बसल्या. आम्हीही त्यातच बसलो, दुसरं जाणार कशानं. काकांनी आप्पांना मोठ्या मानानं पुढं बसवलं. रस्ताभर त्या पांढऱ्या दिव्यांचा उजेड उसाच्या शेंड्यांवरून पळत होता, फोकस वर होता, आणि ते सांगायला आता कुणी राहिलं नव्हतं. आई मागं माझ्याजवळ बसली होती. समोरून ट्रॉली आली, गतिरोधक आले, एका म्हशीला काकांनी कसंबसं चुकवलं, ती काही बोलली नाही. आप्पा मात्र प्रत्येक धक्क्याला मान मागं वळवत होते.

पुढं आप्पांनी महिनाभर सकाळची खेप ओढून बघितली. भरदिवसा त्यांना पुरेसं दिसत होतं. पण शिटा जिपेत वाकून बघायच्या, चालवतंय कोण, आणि मागच्या जिपेत जाऊन बसायच्या. स्टँडवरची पोरं त्यांच्या तोंडापुढं हात हलवून विचारायची, तात्या, ही किती बोटं? जीप एक दिवस अंगणात लागली ती लागली. कोंबड्या तिच्या टपावर बसायला लागल्या.

आणि आई बदलली. ते मला सगळ्यात वाईट वाटलं. घरात ती आप्पांशी हळू आवाजात, सरळ बोलायला लागली. "उंबरा हाय." "हितं बसा." "पाणी उजव्या हाताला ठिवलंय." टोमणा नाही, सासू नाही, माहेर नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, सुमन किती सुधारली, किती करती नवऱ्याचं. आप्पा त्या प्रत्येक वाक्याला अंग चोरून घ्यायचे. एकदा चुलीपाशी ती भाकरी करत होती, मी कांदा फोडत होते, आणि आप्पा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "सुमन, भांड की गं जरा."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "आता कुणाला ऐकवायचं?" ती म्हणाली. "ते शिटांसाठी हुतं."

"सगळंच?"

"मग काय."

आप्पांनी थोडा वेळ मान हलवली. "मला वाटलं," ते म्हणाले, "थोडं तरी मला हुतं."

आई उठली, त्यांच्यापुढं ताट ठेवलं आणि त्यांचा हात धरून भाकरीवर नेऊन ठेवला. "गरम हाय," ती म्हणाली, "दमानं जेवा."